अँब्युलन्सचं बिल कोणाच्या नावावर?

"नेटवर्क नाहीये" हे आपल्या होस्टेलचं राष्ट्रीय वाक्य आहे. घरून फोन आला, सबमिशनची तारीख विचारली, मेसचे पैसे मागितले की एकच उत्तर... नेटवर्क नाहीये! पण या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे आणि तो बऱ्याच जणांना हातात बिल पडल्यावरच कळतो. इन्शुरन्स कंपनीच्या भाषेत नेटवर्क म्हणजे ज्या हॉस्पिटलांशी, डॉक्टरांशी कंपनीने दर ठरवून करार केला आहे त्यांची यादी. यादीतल्या ठिकाणी गेलात तर खिशाला चाट कमी, यादीबाहेर गेलात तर जास्त. ऐकायला ठीक वाटतं. माणसाने यादी बघावी, विचार करावा, हॉस्पिटल निवडावं. पण अँब्युलन्सचं काय? रस्त्यावर बेशुद्ध पडलेला माणूस कुठली यादी बघणार?

"कॉन्व्हेंटवाली तू, मराठी विभागात लिहिणार? आणि तेही इन्शुरन्सवर?" असं माझ्या रूममेटने विचारलंच. मान्य आहे, विषय कवितेचा नाही. पण आपल्या कॉलेजमधून दरवर्षी कितीतरी जण एम.एस.साठी अमेरिकेला जातात. त्याआधीचं वर्षभर कट्ट्यावर चर्चा कसली? जीआरईचा स्कोअर, युनिव्हर्सिटीचं रँकिंग, कुठल्या राज्यात थंडी कमी, कुठे इंडियन ग्रोसरी मिळते. तिथे अँब्युलन्स बोलावली तर तिचं बिल कोण भरतं, आणि हे राज्यागणिक का बदलतं, हे विचारताना मी आजवर एकालाही ऐकलेलं नाही. तिकडे गेलेला आमचा एक सिनिअर सांगत होता की सायकलवरून पडून पाय मोडला तरी तो टॅक्सी करून हॉस्पिटलला गेला. का? तर अँब्युलन्सच्या बिलाची भीती! जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात मोडक्या पायाने माणूस टॅक्सीला हात करतो. हे असं का होतं ते शोधायला बसले आणि हा लेख झाला.

आधी थोडा इतिहास. १९६० च्या दशकापर्यंत अमेरिकेत बऱ्याच गावांत अँब्युलन्स म्हणजे अंत्यविधी करणाऱ्या दुकानदाराची गाडी असे. कारण साधं होतं, माणूस आडवा झोपू शकेल अशी गाडी त्याच्याकडेच असायची! १९६६ साली तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंवर एक अहवाल काढला आणि या दुर्दशेवर नेमकं बोट ठेवलं. १९६७ मध्ये पिट्सबर्ग शहरात 'फ्रीडम हाऊस' नावाची अँब्युलन्स सेवा सुरू झाली. डॉ. पीटर साफार यांनी तिथल्या गरीब वस्तीतल्या कृष्णवर्णीय तरुणांना शिकवून तयार केलं. आज आपण ज्याला पॅरामेडिक म्हणतो त्याची मुळं तिथे आहेत. १९६८ साली ९११ नंबरवरचा पहिला कॉल अलाबामा राज्यातल्या हेलीव्हिल गावात लागला. १९७३ मध्ये केंद्र सरकारने कायदा करून पैसे दिले, पण १९८१ मध्ये तो निधी इतर योजनांमध्ये मिसळून राज्यांच्या हवाली केला गेला. परिणाम? नंबर एकच, ९११. पण येणारी गाडी कुठे फायर ब्रिगेडची, कुठे काउंटीची, कुठे हॉस्पिटलची, कुठे खाजगी कंपनीची, तर कुठे गावातल्या स्वयंसेवकांची. आपण फोन करायचा, जी येईल ती आपली!

आता गंमत बघा. समजा अँब्युलन्सवाल्याने दोन हजार डॉलर बिल लावलं. तो तुमच्या इन्शुरन्सच्या नेटवर्कमध्ये नाही. कंपनी म्हणते, आमच्या हिशोबाने या कामाचे आठशेच होतात, हे घ्या. उरलेले बाराशे? ते तुमच्या पत्त्यावर पोस्टाने येतात. याला तिकडे 'बॅलन्स बिलिंग' म्हणतात. म्हणजे भांडण दोघांचं आणि दंड तिसऱ्याला. आणि हा तिसरा कोण, तर ज्याने दर ठरवला नाही, गाडी निवडली नाही आणि बहुतेक वेळा फोनसुद्धा स्वतः केला नाही असा पेशंट!

अशा अचानक बिलांविरुद्ध अमेरिकेने 'नो सरप्राइजेस ॲक्ट' नावाचा कायदा केला. डिसेंबर २०२० मध्ये त्यावर सही झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून तो लागू झाला. इमर्जन्सीमध्ये नेटवर्कबाहेरच्या हॉस्पिटलात जावं लागलं तरी पेशंटकडून नेटवर्कमधल्याइतकाच वाटा घ्यायचा असा त्याचा गाभा. या कायद्यात हेलिकॉप्टर आणि विमानाची अँब्युलन्स आली. पण रस्त्यावरची साधी चारचाकी अँब्युलन्स मात्र वगळली! मी हे दोनदा वाचलं. हेलिकॉप्टरने नेलं तर संरक्षण, रस्त्याने नेलं तर नाही.

यामागे कारण आहे, अगदीच वेडेपणा नाही. १९७८ च्या विमानसेवा कायद्यामुळे हवाई वाहतुकीच्या दरांना राज्य सरकारं हात लावू शकत नाहीत, आणि एअर अँब्युलन्स त्यात मोडते. त्यामुळे ते काम केंद्रालाच करावं लागलं. रस्त्यावरची अँब्युलन्स मात्र गावोगावची, हजारो प्रकारची, कितीतरी ठिकाणी नगरपालिकेच्याच मालकीची. तिला एकाच मापाने कसं मोजायचं? म्हणून केंद्राने काय केलं, तर समिती नेमली. (हे वाचून आपल्याला घरच्यासारखं वाटलं असेल!) पेशंटकडून घ्यायच्या वाट्याला साधारण शंभर डॉलरची मर्यादा असावी अशा शिफारशी असलेला समितीचा अहवाल २०२४ मध्ये आला. पण समिती बसली म्हणून अपघात व्हायचे थांबत नाहीत आणि बिलंही थांबत नाहीत. मग राज्यांनी आपापले कायदे करायला घेतले.

राज्यांना हे करता येतं, कारण तिथे १९४५ च्या मॅककॅरन-फर्ग्युसन कायद्याने विमा व्यवसायावरचं नियंत्रण मुख्यतः राज्यांकडे ठेवलं आहे. कॅलिफोर्नियाचंच उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडची बरीच मंडळी तिकडेच जातात. तिथे २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये एबी ७१६ नावाचं बिल मंजूर होऊन सही झाली आणि १ जानेवारी २०२४ पासून ते लागू झालं. त्यात मला आवडलेल्या गोष्टी अशा. एक, अँब्युलन्स नेटवर्कमध्ये असो वा नसो, पेशंटने नेटवर्कमधल्याइतकाच वाटा द्यायचा. बाकीचं इन्शुरन्स कंपनी बघेल. दोन, कंपनीने अँब्युलन्सवाल्याला किती द्यायचे याचं माप ठरलेलं, ते म्हणजे त्या भागातल्या स्थानिक सरकारने मान्य केलेला दर. तीन, ज्याच्याकडे इन्शुरन्सच नाही त्याच्याकडूनही वाटेल ते उकळायचं नाही. मेडिकेअर किंवा मेडी-कॅल या सरकारी योजनांपैकी ज्याचा दर जास्त, तेवढीच वरची मर्यादा. आणि चार, बिल थकलं म्हणून पहिल्या बिलापासून बारा महिने क्रेडिट रिपोर्ट खराब करायचा नाही की कोर्टात खेचायचं नाही. नवीन देशात नुकत्या उतरलेल्या विद्यार्थ्यासाठी हे शेवटचं कलम किती मोलाचं आहे ते तिथे घर भाड्याने घेतलेल्यांना विचारा!

टेक्सासनेही २०२३ मध्ये असाच कायदा केला. तिथे स्थानिक दर असेल तर तो, आणि नसेल तर मेडिकेअरच्या दराच्या ३२५ टक्क्यांपर्यंत असा हिशोब ठरवला. हा कायदा सुरुवातीला ठराविक मुदतीपुरताच केला होता, म्हणजे आधी चालवून बघू, मग पुढचं ठरवू. इंजिनिअर लोकांना पटेल अशी ही पद्धत आहे. आधी प्रोटोटाइप, मग प्रॉडक्शन.

पण सगळं गोड गोड नाही. या राज्यांच्या कायद्यांना एक मोठं भोक आहे. मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांसाठी बाहेरून पॉलिसी विकत न घेता उपचाराचा खर्च स्वतःच्याच तिजोरीतून करतात. अशा योजनांना १९७४ चा 'एरिसा' हा केंद्राचा कायदा लागू होतो आणि राज्यांचा विमा कायदा तिथे पोचत नाही. नोकरीतून आरोग्य विमा मिळणाऱ्या अमेरिकन लोकांपैकी निम्म्याहून जास्त जण अशा योजनांत आहेत. म्हणजे राज्याने छत्री उघडली, पण निम्मे लोक छत्रीबाहेरच भिजतायत! काही युनिव्हर्सिट्याही विद्यार्थ्यांची योजना अशीच स्वतःच्या पैशातून चालवतात. म्हणून "माझ्या राज्यात कायदा आहे" एवढ्यावर निर्धास्त होऊन चालत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. कोलोरॅडोमध्ये २०२५ साली अशाच एका बिलाला विधिमंडळाने मंजुरी दिली, पण गव्हर्नर जॅरेड पोलिस यांनी व्हेटो वापरला. त्यांनी दिलेल्या कारणांपैकी एक असं की यामुळे सगळ्यांचा प्रीमियम वाढेल. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पैसे झाडाला लागत नाहीत. पेशंटच्या खिशातून काढले नाहीत तर कोणाच्या तरी खिशातून निघणारच.

अँब्युलन्सवाल्यांचीही बाजू ऐकायला हवी. आपल्याला ते लुटारू वाटतात, पण त्यांचा धंदा समजून घ्या. आपल्या घरी वीजबिल येतं. त्यात दोन भाग असतात. एक वापरलेल्या युनिटचा आणि दुसरा 'स्थिर आकार'. महिनाभर एकही दिवा लावला नाही तरी स्थिर आकार भरावाच लागतो, कारण तुम्ही बटण दाबाल तेव्हा वीज हजर असावी म्हणून तारा, ट्रान्सफॉर्मर, माणसं सगळं तयार ठेवावं लागतं. अँब्युलन्सचं नेमकं हेच आहे. तिचा खरा खर्च धावण्याचा नाही, तयार राहण्याचा आहे. रात्री तीन वाजता गाडी, ऑक्सिजन, ड्रायव्हर, पॅरामेडिक जागे हवेत, कॉल येवो न येवो. पण अमेरिकेत मेडिकेअरसारख्या योजना साधारणपणे पेशंटला हॉस्पिटलमध्ये पोचवलं तरच पैसे देतात. जागेवर जाऊन जीव वाचवला आणि पेशंट म्हणाला मी घरीच थांबतो, तर बऱ्याचदा हातात काहीच नाही. म्हणजे वीज कंपनीला सांगायचं की स्थिर आकार रद्द, फक्त युनिटचे पैसे घ्या. मग ती युनिटचा दर वाढवणार नाही तर काय करणार? ज्या दोन-चार लोकांना खरंच नेलं जातं त्यांच्या बिलात बाकी सगळ्या रिकाम्या रात्रींचा खर्च येऊन बसतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. तयार राहण्याचा खर्च सगळ्यांनी मिळून उचलायचा असतो. करातून उचला नाहीतर प्रीमियममधून, पण थोडा थोडा आणि सगळ्यांनी. प्रीमियम वर्षाला काही रुपयांनी वाढला तर कोणी टॅक्सीने हॉस्पिटलला जाणार नाही. पण एकाच माणसाच्या डोक्यावर, तेही तो स्ट्रेचरवर असताना, सगळा बोजा टाकला तर पुढच्या वेळी तो फोनच करणार नाही. आणि ज्या अँब्युलन्सला फोन करायला माणूस घाबरतो ती कितीही आधुनिक असली तरी उपयोग काय? हार्ट ॲटॅक, स्ट्रोक यात मिनिटांचा हिशोब असतो. तिथे "परवडेल का?" हा प्रश्न मनात यायलाच नको.

"अमेरिकेचं जाऊ दे, आपलं काय?" असं म्हणाल. बरोबर आहे. खरं सांगायचं तर एका बाबतीत आपण पुढे आहोत! २००५ साली हैदराबादला सुरू झालेली १०८ सेवा हळूहळू देशभर पसरली. महाराष्ट्रात ती २६ जानेवारी २०१४ पासून आहे. सुरुवातीला ९३७ गाड्या, त्यातल्या २३३ ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्टच्या. १०८ फिरवा, गाडी येते, पैसे लागत नाहीत. इथे आपण स्थिर आकार सगळ्यांच्या करातून भरतो.

पण गोष्ट तिथे संपत नाही. मागच्या पावसाळ्यात आमच्या होस्टेलवरची एक ज्युनिअर जिन्यावरून घसरून डोक्यावर पडली. वॉचमन काकांनी १०८ ला फोन केला, गाडी आली, जवळच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. एक रुपया लागला नाही. तिथले डॉक्टर म्हणाले, न्यूरोसर्जन लागेल, शहरात न्या. मग हॉस्पिटलच्या दारात उभी असलेली खाजगी अँब्युलन्स. साडेसहा हजार, कॅश, आधी! रात्री साडेअकराला आम्ही पाच जणींनी एटीएमच्या रांगेत उभं राहून पैसे जमवले. मुलगी आता ठणठणीत आहे. पण तिच्या बाबांनी क्लेम केला तेव्हा इन्शुरन्सने हातावर ठेवले दोन हजार, कारण पॉलिसीत तेवढीच मर्यादा लिहिलेली. ही मर्यादा काही जगावेगळी नाही. २०२० मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी सारखी अशी जी 'आरोग्य संजीवनी' पॉलिसी आली, तिच्यातही रोड अँब्युलन्ससाठी हॉस्पिटलच्या एका भरतीला जास्तीत जास्त दोन हजार रुपयेच ठेवले होते.

मग महाराष्ट्राच्या विधानसभेने कॅलिफोर्नियासारखा कायदा करावा का? तो जसाच्या तसा करता येणार नाही, कारण आपली घटना उलट आहे. विमा हा विषय केंद्राच्या सूचीत, तर सार्वजनिक आरोग्य आणि हॉस्पिटलं राज्याच्या सूचीत. कंपन्यांनी पॉलिसीत काय द्यावं हे राज्य सांगू शकत नाही, ते काम आयआरडीएआयचं. पण गाडीने काय दर लावावा आणि तिच्यात काय असावं हे तर राज्य ठरवू शकतं ना? करोनाच्या काळात २०२० मध्ये हे घडलंही. खाजगी अँब्युलन्स ताब्यात घेऊन दर ठरवून दिले गेले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानेही राज्यांना करोना पेशंटसाठी अँब्युलन्सचे वाजवी दर ठरवायला सांगितलं. गुजरातने तर २००७ मध्येच इमर्जन्सी मेडिकल सर्व्हिसेसचा स्वतंत्र कायदा केला. म्हणजे अशक्य काही नाही. साथ आली की जे सुचतं ते एरवीही सुचायला काय हरकत आहे?

मला वाटतं दोन गोष्टी व्हाव्यात. राज्याने एका हॉस्पिटलमधून दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये नेण्याचे खाजगी अँब्युलन्सचे दर कायद्याने बांधावेत आणि ते गाडीच्या दारावर रिक्षाच्या टॅरिफ कार्डासारखे लावायला लावावेत. आणि आयआरडीएआयने दोन हजारासारखी गोल रक्कम न धरता त्या ठरलेल्या दराशी पॉलिसीची मर्यादा जोडावी. दर बांधला नाही आणि नुसती मर्यादा वाढवली तर गाडीवाले दर वाढवतील. नुसता दर बांधला आणि त्यात तयार राहण्याचा खर्च धरला नाही तर गाड्याच बंद होतील. दोन्ही स्क्रू एकत्र फिरवावे लागतात.

हे मोठ्यांचं काम झालं, पण होस्टेलवर बसून आपल्यालाही करण्यासारखं आहे. आपल्या ग्रुप इन्शुरन्सच्या कागदावर अँब्युलन्सपुढे कोणता आकडा लिहिला आहे हे रेक्टर मॅडम आणि ऑफिसमधल्या सरांनी एकदा नोटीस बोर्डवर लावावं अशी नम्र विनंती. पॉलिसी रिन्यू होते तेव्हा हा आकडा वाढवून मागता येतो, पण कोणी मागतच नाही! प्रत्येक मजल्यावर १०८ आणि जवळच्या दोन खाजगी अँब्युलन्सचे नंबर दरासकट लावावेत. आणि अमेरिकेला निघालेल्या दादा-तायांनो, ऑफर लेटर आल्यावर युनिव्हर्सिटीला तीन प्रश्न विचारा. तुमची विद्यार्थी योजना कुठल्या इन्शुरन्स कंपनीची आहे की युनिव्हर्सिटीच्याच पैशाची? या राज्यात रस्त्यावरच्या अँब्युलन्सच्या बॅलन्स बिलिंगवर बंदी आहे का? आणि ती या योजनेला लागू होते का? उत्तर लेखी मागा. ईमेलला पैसे पडत नाहीत.

आणि उत्तर काहीही येवो, इथे किंवा तिथे कोणाच्या छातीत दुखायला लागलं तर बिलाचा विचार न करता आधी नंबर फिरवा. बिलाशी नंतर भांडता येतं, आणि भांडायला आपण सगळे आहोतच!